सायक्लामेनची पानं पिवळी पडताहेत? आधी कुंडी उचलून बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझा काही गैरसमज झालेला नाही ना, हे तपासायला थोडक्यात परत मांडतो. इंग्लंडमध्ये लीड्समधला फ्लॅट. डिसेंबरच्या मध्यावर सुपरमार्केटमधून गुलाबी सायक्लामेन आणलं. प्लास्टिकच्या कुंडीसकट ते निळ्या चिनीमातीच्या शोभेच्या कुंडीत ठेवलं आणि ती कुंडी बैठकीच्या खिडकीत, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या बरोब्बर वर. पहिले दहा दिवस घरात येणारा प्रत्येक जण विचारत होता, कुठून आणलं म्हणून. मग बाहेरच्या बाजूची पानं एकेक करून पिवळी पडायला लागली, देठ माना टाकायला लागले. तुम्ही रोज सकाळी चहाचा एक कप पाणी वरून घालता, झाड मलूल दिसलं तर संध्याकाळी आणखी एक. आईंनी व्हिडिओ कॉलवर बघून ‘भूक लागलीय त्याला, खत दे’ असं सांगितलं, तेही तुम्ही दिलंत. यजमान म्हणतात, चार पौंडांचं झाड, टाकून दे. आणि पुण्यात भावाने हौसेने आणलेल्या सायक्लामेनचीही हीच गत आहे. तुमचा प्रश्न: पाणी कमी पडतंय की जास्त होतंय?

पाण्याकडे येतोच, पण तुमच्या हकिगतीतला पहिला बिघाड पाणी नाही, रेडिएटर आहे. तुमच्या झाडाचा असा समज झालाय की उन्हाळा आला.

सायक्लामेन हे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचं झाड. शास्त्रीय नाव सायक्लामेन पर्सिकम असलं तरी त्याचं घर इराण नव्हे, तर तुर्कस्तानचा दक्षिण भाग, सीरिया, लेबनॉन, इस्राएल-पॅलेस्टाइन, ग्रीसची काही बेटं हा पट्टा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणून हे झाड शरदात पानं काढतं, थंडीत आणि वसंतात फुलतं आणि ऊन तापलं की पानं पिवळी करून, त्यांतला जीव कंदात ओढून घेऊन जमिनीखाली झोपतं. आपल्या सह्याद्रीतलं शेवळं हेच करतं की! उन्हाळाभर कंद मातीत गप्प आणि पहिल्या पावसाबरोबर वर. फरक एवढाच की तिकडचा पाऊस थंडीत येतो. सांगलीकडे हळदीचं पान पिवळं पडून वाळलं की शेतकरी डॉक्टरकडे धावत नाही, तो काढणीची तयारी करतो. कंदाच्या झाडाच्या पिवळ्या पानात दर वेळी रोग बघायचा नसतो.

तेव्हा जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, तुमच्या खिडकीतल्या सायक्लामेनला खालून गरम कोरडी हवा लागतेय. बैठकीचं तापमान 22-23 अंश असेल तर रेडिएटरच्या वरच्या फळीवर ते याहून सहज चार-पाच अंश जास्त असतं. या झाडाला हवे असतात दिवसा 15 ते 18 अंश, रात्री 10 ते 13. वीसच्या वर सलग राहिलं की फुलं लवकर उरकतात, देठ लांबट आणि लेचेपेचे होतात आणि पानं पिवळी पडायला लागतात. मी इंग्लंडमधल्या काचगृहात 22 हिवाळे काढले. तिथे डिसेंबरात सायक्लामेनच्या बाकांमध्ये आम्ही स्वेटर घालून काम करायचो. तसं गारठ्यात वाढलेलं झाड ट्रकमधून सुपरमार्केटात, तिथून तुमच्या उबदार खोलीत. माणसाला जे घर छान वाटतं ते त्याला नको असतं, हे मला स्वतःला कळायला एक झाड मारावं लागलं. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात, एवढ्या थंडीत बिचाऱ्याला ऊब मिळावी म्हणून मी ते बॉयलरच्या कपाटाशेजारी नेऊन ठेवलं होतं. दोन आठवडे टिकलं.

आता पाणी. तुम्ही विचारलंत कमी की जास्त. गंमत अशी की दोन्हींत झाड सारखंच दिसतं: देठ कोलमडलेले, पानं खाली लोंबलेली, मग पिवळी. म्हणून पानाकडे बघून पाणी घालायचं नाही. कुंडी उचलून बघायची. झाडाने मान टाकलीय आणि कुंडी हाताला पिसासारखी हलकी लागतेय, तर ते तहानलेलं आहे. मान टाकलीय आणि कुंडी जड आहे, तर मुळं कुजताहेत आणि पाणी असूनही त्यांना ते ओढता येत नाहीये. या दुसऱ्या झाडाला जो कप तुम्ही घालता, तो त्याच्या जिवावर उठतो. सवय नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. माझ्याकडच्या 13 सेंटिमीटरच्या कुंडीचं पूर्ण भिजून निथळल्यानंतरचं वजन आणि सुकल्यावरचं वजन यांत जवळपास दुपटीचा फरक असतो. दोनतीनदा मोजलं की पुढे काटा लागत नाही, हातच सांगतो.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज जड कुंडीचा आहे, कारण ती निळी शोभेची कुंडी. तिला खाली भोक नाही, असं फोटोवरून दिसतंय. रोजचा कप वरून गेला, आतल्या कुंडीच्या भोकांतून खाली आला आणि तिथेच साचला. झाड गेले तीन आठवडे डबक्यात उभं आहे. आत्ता प्लास्टिकची कुंडी बाहेर काढून बघा, तळाशी दोन बोटं पाणी निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पण उलटही होऊ शकतं, म्हणून बघितल्याशिवाय निकाल देत नाही. या कुंड्यांत माती नसते, पीट (दलदलीतला कुजलेल्या शेवाळाचा भुसा) किंवा नारळाच्या भुश्यासारखं हलकं मिश्रण असतं. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. वरून घातलेलं पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं, ताटलीत दिसतं आणि आपल्याला वाटतं झाड प्यालं. आतला गोळा कोरडाच. रेडिएटरवर हे फार वेळा होतं. म्हणजे खाली डबकं आणि वर कोरडा गोळा, असं दोन्ही एकाच कुंडीत सापडलेलं मी पाहिलंय.

आपल्याकडे शेतकऱ्याचा ‘वाफसा’ म्हणून एक फार नेमका शब्द आहे. जमीन ओली, पण चिखल नाही. मुठीत धरली तर गोळा होईल, पण पाणी सुटणार नाही. मुळांना पाणीही मिळतंय आणि हवाही. सायक्लामेनला पूर्ण हिवाळाभर वाफसा हवा. रोज एक कप हा हिशेबच चुकीचा, कारण गारठ्यात ढगाळ आठवड्यात ते आठ-दहा दिवसांत एकदाच पाणी मागेल आणि उबदार उजेडाच्या खिडकीत तिसऱ्या दिवशी.

काचगृहात आम्ही वरून पाणी देतच नसू. कुंड्या मांडलेल्या, काठ असलेल्या बाकावर पाणी भरायचं, दहा-पंधरा मिनिटं कुंड्या खालून पिणार, मग बाकाचं पाणी सोडून द्यायचं. घरी तेच करा. कुंडी हलकी झाली की खोलगट ताटात दोन बोटं पाणी घ्या, खोलीच्याच तापमानाचं, आणि त्यात कुंडी वीसेक मिनिटं ठेवा. वरचा थर दमट लागला की उचलून निथळू द्या आणि मगच शोभेच्या कुंडीत परत ठेवा. वरून पाणी का नको? तर सायक्लामेनच्या कंदाचा वरचा भाग मातीच्या वर असतो आणि सगळी पानं, कळ्या त्याच्या माथ्यावरून दाटीने निघतात. त्या खोबणीत पाणी साचलं की कूज तिथूनच सुरू होते. तुमच्या चहाच्या कपाने रोज नेमकी तीच जागा भिजवली.

यानंतर अंगठ्याची परीक्षा. पानं बाजूला करून कंद हलक्या हाताने दाबा. कच्च्या बटाट्यासारखा घट्ट लागला तर झाड बहुधा वाचतं, मग वर कितीही पिवळं दिसो. पिकल्या चिकूसारखा दबला, बोट ओलं झालं, आणि सडक्या कांद्यासारखा वास आला, तर ती कंदकूज. आल्या-हळदीच्या शेतकऱ्याला हे नाव सांगावं लागत नाही. सायक्लामेनमध्ये ही कूज बहुतेक वेळा जिवाणूंची असते आणि ऊब व ओल मिळाली की दोनतीन दिवसांत सगळं झाड आडवं होतं. कोणी कितीही पावडरी सुचवल्या तरी त्यावर इलाज नाही. कंद, मिश्रण सगळं पिशवीत बांधून टाका आणि कुंडी गरम पाण्याने घासून धुवा.

कंद घट्ट आहे, असं धरून पुढचं सांगतो.

आज रात्रीच झाड रेडिएटरवरून हलवा. घरात जिथे तुम्हाला शाल घ्यावीशी वाटते ती जागा त्याची. हीटिंग बंद असलेली खोली, जिन्याची खिडकी, काचेचं पोर्च. उजेड भरपूर हवा; पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी उत्तम, आणि जानेवारीत लीड्सचं ऊन इतकं नरम असतं की दक्षिणेची खिडकीही चालेल, फक्त खाली रेडिएटर नको. रात्री पडद्यामागे काचेजवळ राहिलं तरी बिघडत नाही. बाहेर गोठत असेल तेव्हा मात्र पोर्चमधून आत घ्या, कारण बागेत बर्फात फुलणारी सायक्लामेनची जात वेगळी आणि ही वेगळी. हिला हिमकण सोसत नाहीत.

मग पिवळी पानं काढा. कात्रीने नाही. देठ अगदी बुंध्याशी चिमटीत धरायचा, थोडा पिळायचा आणि झटक्यात बाजूला ओढायचा. तो कंदापासून स्वच्छ सुटून येतो. कापलंत तर जो ठोंब राहतो तो कुजतो आणि त्यावर राखाडी बुरशी बसते. ही तीच बुरशी जी नाशिककडे द्राक्षाच्या घडात शिरते. राखेसारखी लव, हात लागला की धूर उडावा तशी उडते. सुकलेली फुलंही अशीच देठासकट ओढून काढा. पान अर्धवट पिवळं असेल आणि ओढल्यावर सुटत नसेल तर जबरदस्ती करू नका, आठवड्याने आपणहून सुटेल. पिवळं झालेलं पान परत हिरवं होणार नाही, त्याची वाट बघू नका.

काढताना मधोमध डोकवा. पानांच्या खाली, कंदाला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसताहेत का? सायक्लामेनमध्ये प्रत्येक कळी एका पानाच्या बगलेतून निघते, त्यामुळे पानांची संख्या आणि फुलांची संख्या साधारण बरोबरीने चालते. म्हणून घाबरून हिरवी पानं ओरबाडणाऱ्यांचा मला राग येतो. आतल्या कळ्या हिरव्यागार असतील तर तुमच्या झाडाचा हिवाळा अजून संपलेला नाही. मोठी पानं हळूच बाहेरच्या बाजूला वळवून खाली दाबा, म्हणजे मध्ये उजेड जाईल. काचगृहात आम्ही प्रत्येक झाडाला हे करायचो. दुपारभर तेच काम असायचं, पाठीची पार वाट लागायची.

पाणी साचलंच असेल तर कुंडी उलटी करून, बोटांमध्ये झाड धरून, मुळांचा गोळा अलगद बाहेर काढा. पांढरी किंवा फिकट मुळं म्हणजे ठीक. बाहेरची तपकिरी, ओढली की वरचं साल हातात येऊन आत दोरा राहतो अशी मुळं मेलेली. निम्म्याहून जास्त मुळं चांगली असतील तर कुंडी बदलण्याची घाई नको. गोळ्याभोवती जुनं वर्तमानपत्र गुंडाळा, तासाभराने बदला, पुन्हा गुंडाळा. कागद पाणी शोषून घेतो. मग त्याच कुंडीत परत घालून गार जागी ठेवा आणि कुंडी हलकी लागेपर्यंत, मग आठवडा लागो की दीड, पाण्याचा थेंब नाही. मुळं बरीच गेली असतील तर मेलेला भाग काढून टाका आणि लहान कुंडीत ताज्या मिश्रणात लावा. तीन भाग पीट-विरहित मिश्रण, एक भाग पर्लाइट (निचऱ्यासाठी घालतात ते पांढरे हलके खडे). कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मिश्रणाच्या वर उघडा राहिला पाहिजे. सगळा गाडलात तर पुन्हा कुजणार.

आईंच्या खताबद्दल. आईंचा सल्ला त्यांच्या अंगणातल्या गुलाबाला लागू पडतो, त्यांना नावं ठेवू नका. पण ज्याची मुळं पाण्यात गुदमरलीत त्याला खत देणं म्हणजे तापात जेवणाचं ताट पुढे करणं. न वापरलेलं खत मिश्रणात क्षार म्हणून साचतं आणि उरलेल्या मुळांची टोकं जाळतं. पानाच्या कडा तपकिरी, करकरीत होताना दिसतात. चार ते सहा आठवडे काही देऊ नका. नवी पानं निघाली की टोमॅटोसाठी मिळणारं पालाशयुक्त (पोटॅशवालं) द्रवखत अर्ध्या ताकदीने, दर पंधरा दिवसांनी. नत्र (नायट्रोजन) जास्त असलेलं खत या झाडाला नकोच. पानांचा पसारा होतो, फुलं पानांखाली लपतात आणि देठ मऊ पडून बुरशीला आमंत्रण.

अन्नाच्या कमतरतेने पान पिवळं पडतच नाही असं नाही, पण ते ओळखू येतं. जुनी पानं सगळीकडून सारखी फिकट होत गेली आणि झाड तरीही ताठ असलं तर नत्र कमी. नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असल्या तर लोह मिळत नाहीये, आणि याचं कारण बहुधा पाणी. लंडनकडे नळाला चुनखडीचं जड पाणी येतं, त्याने महिनोन्‌महिने मिश्रणाचा सामू (पीएच) वाढतो आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. लीड्सचं पाणी मऊ आहे, त्यामुळे तुम्हाला ही काळजी नको. दुकानातून आणलेल्या झाडात पुरेसं खत असतंच. तीन-चार आठवड्यांत उपासमार होत नाही.

आणि दुकानातून आणल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत बाहेरची दोन-तीन पानं पिवळी पडणं हे तर ठरलेलंच. काचगृहाच्या उजेडात जेवढी पानं पोसता येत होती तेवढी बैठकीच्या अंधारात येत नाहीत, म्हणून झाड खर्च कमी करतं. तेवढ्यावरून काही उपाय करायला जाऊ नये. बहुतेक सायक्लामेन रोगाने मरत नाहीत, ती या दोन-तीन पानांवर केलेल्या उपायांनी मरतात.

आता एक असा पिवळेपणा, ज्याच्यापुढे मीही हात टेकले आहेत. मर रोग. हरभऱ्यात, तुरीत मर येते, त्याच कुळातली फ्युजेरियम बुरशी, पण सायक्लामेनचा वाण वेगळा आणि तो फक्त सायक्लामेनलाच लागतो. यात पिवळेपणा पानाच्या देठाकडच्या भागातून डागाडागाने सुरू होतो आणि अनेकदा झाडाच्या एकाच अंगाला. अर्धं झाड टवटवीत आणि अर्धं पिवळं मलूल असं विचित्र चित्र दिसतं. कंद दाबला तर घट्टच लागतो, म्हणून माणूस फसतो. कापून बघितलात तर पांढऱ्या गरात लालसर-तपकिरी किंवा काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. त्या कंदातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या, बुरशीने बुजलेल्या. एका ऑक्टोबरमध्ये आमच्याकडच्या एका बाकावर अशी दोन झाडं एका बाजूने पिवळी दिसली. मी पाहिली, आणि कोपऱ्यातल्या कुंड्यांना पाणी पोचत नसेल असं म्हणून पुढे गेलो. बाकावरचं पाणी सगळ्या कुंड्यांतून फिरत होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाताळाच्या मालातलं ते अख्खं बाक कचऱ्यात गेलं. मालक काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी प्रत्येक शंकास्पद झाडाचा कंद मला त्यांच्यासमोर कापायला लावला.

घरी एखाद-दुसरं झाड असतं, त्यामुळे मर असली तर ते झाड जातं एवढंच. औषध नाही. ते मिश्रण दुसऱ्या सायक्लामेनला वापरू नका.

किडींचं लवकर आवरतो. पानावर बारीक फिकट ठिपके पडून मग ते पिवळं होत असेल, खाली बारीक जाळी असेल, तर लाल कोळी. तोही रेडिएटरच्या कोरड्या हवेचाच पाहुणा, गार जागी हलवल्यावर निम्मा आटोक्यात येतो. बाकीचं साबणाच्या पाण्याने पानांची खालची बाजू पुसून. कोवळी पानं वाकडीतिकडी, जाड, कळ्या वेड्यावाकड्या आणि किडा कुठेच दिसत नसेल तर सायक्लामेन माइट. पाव मिलिमीटरचा, भिंगाशिवाय दिसत नाही. अशा झाडावर वेळ घालवू नये, टाकावं. पानांवर गोल गोल कडी उमटली असतील तर तो फुलकिड्यांनी आणलेला विषाणू, तेही टाकावं.

एक कीड मात्र इंग्लंडमध्ये खास जपून राहण्यासारखी आहे, कारण लक्षणं हुबेहूब तहानेची. झाड मलूल, पिवळं, कुंडीत ओल बरोबर, कंद वरून घट्ट, आणि उचललं तर सगळं झाड मुळांशिवाय हातात. खाली मिश्रणात मळकट पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या, सेंटिमीटरभर. ही व्हाइन वीव्हिल भुंगेऱ्याची अळी. आपल्या हुमणीची धाकटी बहीण समजा. उन्हाळ्यात झाड बाहेर ठेवलेलं असेल तर भुंगेरा येऊन अंडी घालतो आणि पानांच्या कडा कुरतडून खाणाखुणा ठेवून जातो. अळ्या वेचून काढा, ताज्या मिश्रणात लावा, आणि शरदात सूत्रकृमींचं (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांचं) पाकीट पाण्यात कालवून ओता. हे सूत्रकृमी अळीच्या अंगात शिरून तिला मारतात, झाडाला काही करत नाहीत. तुमचं झाड ताजं, काचगृहातलं आहे, तुमच्याकडे हे असण्याची शक्यता कमी.

घरात मांजर असेल किंवा रांगतं मूल असेल तर एक लक्षात ठेवा, कंद विषारी आहे. पिवळी पानं, उपटलेले तुकडे जमिनीवर ठेवू नका.

आता पुण्यातलं भावाचं झाड. तिथे चित्र वेगळं. पुण्याची डिसेंबर-जानेवारीची रात्र सायक्लामेनला अगदी हवी तशी, दहा-बारा अंशांची. पण दुपारी पारा तीसला टेकतो. म्हणजे रात्री हिवाळा आणि दुपारी उन्हाळा. भावाला सांगा, दुपारचं ऊन लागणार नाही अशी पूर्वेची किंवा उत्तरेची गॅलरी द्यायची, आणि रुंद मातीच्या कुंडीत ओली वाळू घालून त्यात सायक्लामेनची लहान कुंडी रोवायची. माठाचं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने मुळं गार राहतात. पुण्याच्या कोरड्या थंडीत याने चांगला फरक पडतो, मुंबई-गोव्याच्या दमट हवेत पडत नाही. नर्सरीवाले बरेचदा लाल मातीत शेणखत मिसळून कुंडी बदलून देतात, ती माती चिकट होते आणि निचरा संपतो. धुतलेलं कोकोपीट, पर्लाइट आणि चाळलेलं पालापाचोळ्याचं खत बरं. बोअरवेलचं पाणी देत असेल तर थांबवायचं, महापालिकेचं नळाचं चालेल. एवढं करून होळीच्या आसपास पानं पिवळी पडणारच. ती पडू द्यायची. मुंबईत कोणी आणलं तर मी सरळ सांगतो, हा तीन आठवड्यांचा पुष्पगुच्छ आहे, मनापासून बघून घ्या.

तुमच्याकडे हाच ऋतूचा पिवळेपणा एप्रिल-मेमध्ये येईल. फुलं थांबतील, पानं बाहेरून आत एकेक पिवळी होत जातील, कंद घट्ट असेल. तेव्हा पुन्हा मला विचारू नका आणि पाणीही वाढवू नका. हळूहळू कमी करत आणा, पानं वाळली की काढा, आणि कुंडी सावलीच्या, गार, कोरड्या जागी आडवी करून ठेवा. महिन्यातून एकदा किंचित ओल, कंद सुरकुतू नये एवढीच. इंग्लंडचा उन्हाळा गारच गेला तर काही झाडं झोपतच नाहीत, त्यांना जबरदस्तीने सुकवू नका, थोडं थोडं पाणी देत राहा. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात कंदाच्या माथ्यावर मोहरीएवढे गुलाबी-हिरवे कोंब दिसले की ताजं मिश्रण, बोटभर मोठी कुंडी आणि खालून पहिलं पाणी.

एक खबरदारी घ्या. आडव्या केलेल्या कुंडीवर मोठ्या अक्षरांत ‘झोपलंय, टाकू नये’ अशी चिठ्ठी लावा. माझ्याकडे हे दोनदा झालंय. एकदा मी स्वतःच रिकामी कुंडी समजून कंपोस्टच्या ढिगावर उलटली, आणि सप्टेंबरात त्या ढिगातून सायक्लामेन उगवलं, घरातल्या कुठल्याही झाडापेक्षा निरोगी. दुसऱ्यांदा ती आमच्या सौ.नी कोथिंबीर पेरायला घेतली. तुमच्या यजमानांचं आत्ताचं मत बघता चिठ्ठी जरा ठळकच लिहा.